खेळाची निवड व पालकांचें कर्तव्य
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त युवक व पालक यांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या वर्षीं बोलावयास उभा राहिलेल्या धर्मगुरूनें देवळाच्या पायाच्या दगडापासून आरंभ करावा, असा प्रघात आहे. तें काम या प्रसंगीं इतरांनीं माझ्यापेक्षां अधिक चांगलें केलें आहे. म्हणून आज मी देवळाविषयीं न बोलतां देवळासमोरच्या मैदानाविषयीं बोलणार आहें.

गेल्या वर्षभरांत तीन निरनिराळ्या घरांतून मला जवळजवळ एकच प्रश्न विचारण्यांत आला. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा, हातापायानें चपळ. फुटबॉलचे शिक्षक म्हणतात, हा आमच्याकडे द्या. मुष्टियुद्धाचे शिक्षक म्हणतात, आमच्याकडे द्या. दोन्ही सराव संध्याकाळीं एकाच वेळीं. तेव्हां फादर, कोणता खेळ ठेवावा व कोणता सोडावा? मीं उलट विचारलें, तुमचा स्वतःचा विचार कसा चालला आहे? त्यावर तिन्ही घरीं उत्तर तेंच मिळालें: पदक कशांत लवकर मिळेल, खर्च कशाला कमी येईल आणि पुढें नोकरी कशानें लागेल. हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. ज्या घरांत एकाच्या मिळकतीवर सहाजण जेवतात, त्या घरानें नोकरीचा विचार केला तर त्यांत लोभ कसला? परंतु हा मुलगा पन्नास वर्षांचा होईल तेव्हां त्याचे गुडघे, त्याची कंबर आणि विशेषतः त्याचें डोकें कोणत्या अवस्थेंत असेल, हा प्रश्न एकाही घरीं निघाला नाहीं. आजचें माझें बोलणें त्या न निघालेल्या प्रश्नासंबंधीं आहे.

आरंभींच एक गैरसमज दूर करितों. मुलांनीं खेळूं नये, घरांत बसावें, असें सांगण्यास मी आलेलों नाहीं. डॉन बॉस्को यांनीं तुरिन शहरांतील अनाथ व उनाड पोरांना प्रथम जवळ केलें तें खेळाच्या द्वारेंच. लहानपणीं ते स्वतः दोरीवरून चालत व कसरती करून दाखवीत. आजकाल हातांतल्या फोनवर मान वांकवून बसलेलीं मुलें पाहिलीं म्हणजे धावून धावून गुडघे फोडून घेणारीं मुलें मला अधिक निरोगी वाटतात, आणि वैद्यकशास्त्रही तेंच सांगतें. न खेळणें हाही एक धोका आहे. मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार हे विकार बैठ्या माणसाच्या घराचा पत्ता लवकर शोधून काढतात.

संत पौलानें करिंथकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायांत धावणारा व मुष्टियोद्धा हे दोघे एकापाठोपाठ येतात. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनीं इस्थमियाचे खेळ भरत, त्यामुळें त्याच्या वाचकांस ही उपमा ताबडतोब कळली असेल. आमचा एक तरुण मला मोठ्या उत्साहानें म्हणाला, "फादर, संत पौलाचीच मुष्टियुद्धाला संमति आहे!" मीं त्यास म्हटलें, बाळा, प्रभूच्या दिवसास त्याच संत पौलानें रात्रीं येणाऱ्या चोराची उपमा दिली आहे, तेवढ्यावरून चोरी धर्म्य ठरत नाहीं. उपमा ही उपमाच. संत पौलास त्या ठिकाणीं सांगावयाचें आहे तें देहावर ताबा ठेवण्याविषयीं, आणि तो ताबा कोणत्याही खेळांत शिकतां येतो.

आतां मूळ विषयाकडे वळूं. खेळांतील इजा दोन जातींच्या असतात. एक जात दिसणारी. हाड मोडतें, प्लास्टर घालतात, दोन महिन्यांनीं मुलगा पुन्हां मैदानावर. कबड्डीत पाय पकडला असतां गुडघा पिरगळतो आणि आंतला अस्थिबंध तुटतो. ही इजा अधिक गंभीर आहे, कारण असा गुडघा शस्त्रक्रियेनंतरही पुढें लवकर झिजण्याचा संभव असतो. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या वाढत्या वयाच्या मुलांच्या कमरेच्या मणक्यांस ताणानें चीर पडते. याचसाठीं इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानें कोणत्या वयाच्या मुलानें एका दिवशीं किती षटकें टाकावींत याची मर्यादा घालून दिली आहे. आमच्याकडे मात्र चांगला गोलंदाज सांपडला कीं एका टोकाकडून त्यालाच लावून ठेवण्याची रीत आहे, आणि तिला मी सरळ सरळ निर्दयपणा म्हणतों. तरी पण मणक्याची ही चीर विश्रांतीनें बहुधा भरून येते. गुडघा अगदींच निकामी झाला तर बदलतांही येतो. अशा इजा दुखतात, आणि दुखतात म्हणूनच त्या आपल्याला थांबवितात.

दुसरी जात न दिसणारी, न दुखणारी. ती मेंदूची. आपला मेंदू कवटीच्या आंत द्रवांत असतो, आणि तो घट्ट विरजलेल्या दह्यासारखा मऊ असतो. डोक्यास जोराचा धक्का बसून मान एकाएकीं वळली म्हणजे कवटी आधीं फिरते, मेंदू किंचित् मागाहून फिरतो आणि त्या ओढाताणींत त्यांतील सूक्ष्म तंतु ताणले जातात. एखादा मोठा हादरा बसला तर चक्कर, वांति, विस्मरण होतें व तें लोकांच्या ध्यानांत येतें. परंतु ज्यांनीं काहींच झालें असें वाटत नाहीं असे लहान लहान शेंकडों धक्केही वर्षानुवर्षें सांचत जातात, असें आतां आढळून आलें आहे. कांहीं जणांच्या मेंदूंत टाऊ नांवाचें प्रथिन वेड्यावांकड्या गुंत्यांच्या रूपानें जमूं लागतें. लक्षणें दिसूं लागतात तेव्हां पुष्कळदां खेळ सोडून कित्येक वर्षें झालेलीं असतात. मग माणूस चिडखोर होतो, खिन्न होतो, बायकोचें नांव विसरतो, घरचा रस्ता विसरतो. या विकाराचें खात्रीचें निदान अद्यापि मरणानंतर मेंदू तपासल्यावरच होतें, आणि त्यावर औषध नाहीं.

हें ज्ञान मुष्टियुद्धापासून आरंभ झालें. १९२८ सालीं अमेरिकेंतील डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनीं, ठोसे खाऊन खाऊन दारू प्याल्याप्रमाणें झोकांड्या देत चालणाऱ्या मुष्टियोद्ध्यांसंबंधीं लेख लिहिला. प्रेक्षक त्यांस हंसत असत. मार्टलँड यांनीं सांगितलें कीं हा रोग आहे. पुढें १९६९ सालीं ब्रिटनमध्यें डॉक्टर रॉबर्ट्स यांनीं निवृत्त धंदेवाईक मुष्टियोद्ध्यांची तपासणी प्रसिद्ध केली. तपासलेल्या २२४ जणांपैकीं ३७ जणांच्या मेंदूस व मज्जासंस्थेस त्यांच्या धंद्यानें कायमची इजा झालेली दिसली, म्हणजे सहांतील एकास. १९७३ सालीं डॉक्टर कॉर्सेलिस व त्यांचे सहकारी यांनीं १५ मृत मुष्टियोद्ध्यांचे मेंदू तपासून आंत काय मोडतें तें दाखविलें. महंमद अली यांचें नांव तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. धंदेवाईक म्हणून ६१ लढती लढलेल्या या पुरुषास वयाच्या ४२ व्या वर्षीं, १९८४ सालीं, कंपवात असल्याचें सांगण्यांत आलें. तो ठोशांमुळेंच झाला कीं काय याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि मी त्यांत शिरत नाहीं. जगांतील वैद्यांच्या संघटनेनें मात्र १९८३ सालींच मुष्टियुद्ध बंद करण्याची शिफारस केली.

येथें न्यायानें बोललें पाहिजे. आमचीं मुलें जें मुष्टियुद्ध शिकतात तें हौशी प्रकारचें, तीन तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांचें. धंदेवाईक लढत बारा फेऱ्यांपर्यंत चालते. १९८२ सालीं कोरियाचा किम डुक-कू हा लढतीनंतर मरण पावला, तोंपर्यंत ती पंधरा फेऱ्यांची असे. हौशी खेळाडूंच्या दीर्घकालीन हानीचा पुरावा धंदेवाईकांइतका बळकट नाहीं, हें खरें आहे. शिरस्त्राणाचा आधार मात्र कोणी सांगूं नये. शिरस्त्राणानें भुंवई फाटण्याचें टळतें. कवटीच्या आंत मेंदू फिरण्याचें टळत नाहीं. पुरुषांच्या मोठ्या हौशी स्पर्धांतून तर तें २०१३ सालीं काढूनच टाकण्यांत आलें, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्यें पुरुष उघड्या डोक्यानें लढले.

एवढें ऐकून फुटबॉलवाले पालक सुटकेचा निःश्वास सोडतील. त्यांनीं थोडें थांबावें. १९६६ सालीं विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघांत नॉबी स्टाइल्स नांवाचा ठेंगणा, पुढचे दांत नसलेला खेळाडू होता. तो श्रद्धावान् कॅथलिक होता. अंतिम सामन्याच्या दिवशीं सकाळीं तो मिस्सेला जाऊन आला, आणि सामना जिंकल्यावर चषक हातीं घेऊन मैदानावर नाचला. तें चित्र इंग्लंड अजून विसरलेला नाहीं. उतारवयांत स्टाइल्स मात्र स्मृतिभ्रंशानें ग्रासला. २०१० सालीं कुटुंबाच्या तरतुदीसाठीं त्यानें आपलीं पदकें विकलीं. २०२० सालीं तो वारला, आणि त्याच्या मेंदूंत मुष्टियोद्ध्यांत सांपडतो तोच विकार सांपडला. त्याच अकरा जणांपैकीं रे विल्सन, मार्टिन पीटर्स, जॅक चार्ल्टन आणि त्याचा भाऊ बॉबी चार्ल्टन यांनाही स्मृतिभ्रंश झाला. अकरांपैकीं पांच! त्यापूर्वीं, २००२ सालीं, जेफ ॲसल हा डोक्यानें चेंडू मारण्यांत प्रसिद्ध असलेला खेळाडू ५९ व्या वर्षीं वारला तेव्हां, त्याचा मृत्यु त्याच्या धंद्यामुळें जडलेल्या रोगानें झाला, असा निर्णय चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें दिला होता.

अकरा माणसांवरून शास्त्र ठरत नाहीं, म्हणून ग्लासगो येथील डॉक्टर विली स्टुअर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१९ चा अभ्यास मी जरा सविस्तर सांगतों. त्यांनीं स्कॉटलंडमधील ७,६७६ माजी धंदेवाईक फुटबॉलपटू घेतले आणि त्याच वयाच्या व तशाच परिस्थितींतल्या २३,०२८ सामान्य माणसांशीं त्यांची तुलना केली. मेंदूच्या ऱ्हासाच्या रोगांनीं मरण्याचा संभव खेळाडूंत सुमारें साडेतीन पट निघाला. वर्तमानपत्रांनीं एवढेंच छापलें. परंतु मूळ आंकडे पाहा: मृत्यूचें मुख्य कारण हे रोग असण्याचें प्रमाण खेळाडूंत १.७ टक्के, इतरांत ०.५ टक्के. म्हणजे पट मोठी दिसते, तरी शंभर खेळाडूंपैकीं अठ्ठ्याण्णवांचा मृत्यु त्या कारणानें झालेला नव्हता. उलट हृदयविकारानें व फुप्फुसाच्या कर्करोगानें मरणारे खेळाडू इतरांपेक्षां कमी होते, आणि सत्तर वर्षांपर्यंत त्यांचें एकंदर मृत्युमान सामान्य माणसांहून कमीच होतें. सत्तरीनंतर मात्र तें वाढलें. खेळानें दिलेंही व घेतलेंही, असा हा हिशेब आहे, आणि दोन्ही बाजू मांडल्यावांचून तो कोणीं सांगूं नये. पुढें २०२१ सालीं त्याच अभ्यासकांस असें दिसलें कीं बचावफळीत खेळणाऱ्यांत हा धोका सर्वांत अधिक होता, तर गोलरक्षकांत तो सामान्य माणसांहून ठळकपणें वेगळा नव्हता. बचावफळीतल्या माणसाचें डोकें चेंडूला वारंवार लागतें, गोलरक्षकाचें क्वचित्. यावरून संशयाचें बोट कोठें वळतें तें तुमचें तुम्हीच पाहा.

मग दोन्ही खेळ सारखेच का? माझें उत्तर आहे: नाहीं. आणि येथें सेमिनरींत शिकलेली एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. संत थॉमस आक्विनास यांनीं आत्मसंरक्षणाचा विचार करितांना दाखवून दिलें आहे कीं एकाच कृत्याचे दोन परिणाम असूं शकतात, एक आपण इच्छिलेला व दुसरा आपल्या हेतूबाहेरचा. आणि कृत्याची नीति प्रथम हेतूवरून पाहावयाची असते. फुटबॉलमध्यें हेतु चेंडू जाळ्यांत घालण्याचा आहे. डोक्यास धक्का बसतो तो वाटेंत; तो कमी करतां येतो, लहान वयांत अजीबात टाळतां येतो, आणि तरीही खेळ फुटबॉलच राहतो. अमेरिकेंतील फुटबॉल संघटनेनें २०१५ सालीं दहा वर्षांच्या व त्याहून लहान मुलांस डोक्यानें चेंडू मारण्याची मनाई ठरविली. स्कॉटलंडनें २०२० सालीं बारा वर्षांखालील मुलांच्या सरावांतून तें काढलें. खेळ बुडाला नाहीं. मुष्टियुद्धांत मात्र डोक्यावर बसलेला स्वच्छ ठोसा गुण मिळवून देतो, आणि सर्वांत मोठा विजय कोणता? तर प्रतिस्पर्ध्याचा मेंदू पंच दहा आंकडे मोजीपर्यंत काम करीनासा करणें. येथें इजा वाटेंत पडलेली नाहीं. ती मुक्कामाचें ठिकाण आहे. ती काढून टाकली तर मागें राहते ती कवाईत, मुष्टियुद्ध नव्हे.

ख्रिस्तसभेनें मुष्टियुद्धास नांव घेऊन पाप ठरविलेलें नाहीं, आणि जें तिनें ठरविलें नाहीं तें मीही ठरवीत नाहीं. परंतु १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथांत आरोग्य ही परमेश्वरानें आपल्या हवालीं केलेली ठेव मानली आहे. त्याच ठिकाणीं देहाचें स्तोम माजवून खेळांतील यशापुढें सर्व कांहीं ओंवाळून टाकण्याच्या वृत्तीचाही निषेध आहे. २०१८ सालीं खेळासंबंधीं जें पत्रक व्हॅटिकननें काढलें त्यांत मेंदूच्या इजेचा स्पष्ट उल्लेख असून, ज्या खेळानें देहाची गंभीर हानि अटळपणें होते तो नीतीच्या दृष्टीनें समर्थनीय नाहीं, असा अभिप्राय आहे. मुष्टियुद्धांत गंभीर हानि प्रत्येकास होते असें नाहीं, म्हणून तें वाक्य सरळ त्याच्या माथीं मारतां येणार नाहीं. पण तें वाक्य सर्वांत जवळ जाऊन उभें राहतें तें याच खेळाच्या दारांत.

म्हणून त्या तिन्ही घरांस मीं एकच सल्ला दिला. मुष्टियुद्धाच्या व्यायामशाळेंत मुलगा जात असेल तर जाऊं द्या. दोरीवरच्या उड्या, पिशवीवरचे ठोसे, पायांची चपळता आणि शिस्त हें सर्व उत्तम आहे. परंतु डोक्यावर ठोसे घेण्याच्या लढतींस वाढत्या वयांत पाठवूं नका. आणि दोहोंतून एकच खेळ निवडावयाचा असेल तर फुटबॉल निवडा, तोही डोक्याला जपून.

एका घरीं मुलाच्या वडिलांनीं मला तोंडावर म्हटलें, "फादर, तुम्हांला बोलायला काय जातं? पोराला पोलिसांत किंवा रेल्वेंत लावणारं पदक तुम्ही देणार का?" हा टोला योग्य होता. महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतींत खेळाडूंसाठीं ५ टक्के समांतर आरक्षण आहे. सैन्य व रेल्वेही खेळाडू घेतात. पण या जागा कांहीं एकट्या मुष्टियुद्धासाठीं राखलेल्या नाहींत. धावणें, पोहणें, कबड्डी, खो-खो अशा अनेक खेळांस ते दरवाजे उघडे आहेत, आणि नोकरी लावणारें पदक मिळविणारे थोडे, न मिळवितां ठोसे खाणारे पुष्कळ, हें कोणत्याही व्यायामशाळेंत जाऊन मोजतां येईल. शिवाय स्टाइल्सची आठवण ठेवा. जगांतलें सर्वांत मोठें पदक त्याच्या घरीं होतें, आणि घरच्यांच्या तरतुदीसाठीं तें विकावें लागलें.

या हिशेबांत एक माणूस नेहमीं गैरहजर असतो. मुलगा बोलतो, शिक्षक बोलतात, बाप बोलतो. ज्याला हे ठोसे पुढें फेडावे लागणार तो पन्नास वर्षांचा गृहस्थ, त्याची बायको, त्याचीं मुलें, यांपैकीं कोणीही त्या सभेस हजर नसतो. पंधरा वर्षांच्या मुलास पन्नाशी ही मावळत्या सूर्यापलीकडची वाटते, आणि तसें वाटणें त्याच्या वयास शोभतें. म्हणून त्या गैरहजर माणसाच्या वतीनें बोलण्याचें काम आईबापांचें आहे. मुलगा सज्ञान झाल्यावर, सर्व समजून उमजून, धोका पत्करील तर ती त्याची निवड. तेव्हां त्याला अडविण्याचा अधिकार तुमचाही नाहीं व माझाही नाहीं. तोंपर्यंत तुम्ही ठेव संभाळणारे आहां.

मुलींच्या आयांस दोन शब्द. आतां आमच्या मुलीही फुटबॉल, कबड्डी व मुष्टियुद्ध खेळतात, याचा मला आनंद आहे. वर सांगितलेलें सर्व त्यांसही लागू आहे. त्यांच्या बाबतींत गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा संभव मुलांपेक्षां अधिक असतो, म्हणून उडी मारून खालीं कसें उतरावें व एकदम कसें वळावें याचा सराव शिक्षकांकडून आग्रहानें करून घ्या. वजनाच्या गटासाठीं उपाशी राहणें, पाणी तोडणें, हे प्रकार मुलगा असो वा मुलगी, घरीं चालूं देऊं नका. १९९७ सालीं अमेरिकेंत महाविद्यालयांतले तीन कुस्तीगीर अशा रीतीनें वजन उतरवितांना दीड महिन्याच्या आंत प्राणास मुकले.

शेवटीं आमच्याच मैदानाविषयीं. या महिन्यांत होणाऱ्या ज्युबिलीच्या फुटबॉल सामन्यांत बारा वर्षांखालील गटांत डोक्यानें चेंडू मारूं दिला जाणार नाहीं. तसा चेंडू मारल्यास पंच विरुद्ध संघास मोकळा फटका देतील. कोणत्याही गटांत डोक्यास मार बसून मुलगा गोंधळला, अडखळला, त्याला मळमळलें, किंवा गोलफलक काय आहे हें सांगतां आलें नाहीं, तर तो शुद्धीवर असला तरी त्या दिवशीं पुन्हां खेळणार नाहीं, मग सामना अंतिम असो. पालकांनीं मैदानाच्या कडेवरून "उठ रे, काहीं झालं नाहीं" असें ओरडूं नये, ही विनंती. गेल्या वर्षीं हें वाक्य मीं एका सामन्यांत सात वेळां मोजलें. मुलानें घरीं येऊन डोकें दुखत असल्याचें सांगितलें तर दुसऱ्या दिवशीं शाळेआधीं डॉक्टरांकडे न्या, आणि त्यांनीं सांगितल्यावांचून बूट देऊं नका. नांवनोंदणीचे कागद सभागृहाच्या दाराशीं ठेवले आहेत. त्यांवर आई व वडील अशा दोघांच्याही सह्या लागतील.